मायोर्का : समुद्राकडे पाठ करून आठ दिवस

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का या स्पॅनिश बेटावर, पाल्मा शहराच्या विमानतळावर विमान उतरू लागले की समुद्र मागे राहतो, खिडकीखाली शेतांचा एक सपाट हिरवा पट्टा येतो आणि त्या पट्ट्यात ठिकठिकाणी गोल दगडी बुरूज उभे दिसतात. काही बुरुजांवर पात्यांचे सांगाडे अजून तग धरून आहेत, एखाद्याची पाती नव्याने रंगवलेली आहेत आणि मागे रुंद शेपूट आहे, पण बहुतेक बुरूज बोडके आहेत. माझी आई खिडकीशी बसली होती. तिने विचारले, "इथे एवढे काय दळत असत गं?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. या पवनचक्क्या पीठ दळण्यासाठी नव्हत्या, पाणी उपसण्यासाठी होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळले. सांत जोर्दी नावाच्या या सपाटीवर पूर्वी दलदल होती. १८४० च्या दशकात एका डच अभियंत्याने ती कोरडी करायला घेतली आणि जमिनीतले पाणी वर काढण्यासाठी वाऱ्याचा उपयोग सुरू झाला. पुढे त्याच पाण्यावर भाजीपाला पिकू लागला, उपसा वाढत गेला, गोड्या पाण्याची पातळी खाली गेली आणि समुद्राचे खारे पाणी आत शिरले. बेटाची पहिली ओळख अशी पाण्यावरून झाली, आणि पुढच्या आठ दिवसांत आम्ही जिथे जिथे गेलो तिथे पाणीच आम्हाला वाट दाखवत राहिले.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. इथल्या सहकाऱ्यांच्या तोंडी मायोर्का म्हणजे उन्हाळा, वाळू आणि पोहणे, एवढेच ऐकत आले होते. आई राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि जर्मनीच्या फेब्रुवारीतला करडा उजेड तिला सोसवत नव्हता. विमानाची तिकिटे स्वस्त होती, म्हणून आम्ही महिन्याच्या मध्यावर निघालो. हंगाम नसल्यामुळे किनाऱ्यावरची बरीच हॉटेले बंद होती आणि समुद्रात पाय घालवत नव्हता. मोटार भाड्याने घेऊन बेटाच्या आत शिरणे, एवढाच मार्ग उरला, आणि तो उरला याबद्दल मी आज मनापासून कृतज्ञ आहे.

मायोर्काचे क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यापेक्षा थोडे कमीच. एवढ्याशा भूमीवर वायव्येच्या डोंगरात वर्षाला एक हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दक्षिण किनाऱ्यावर जेमतेम साडेतीनशे. कोकण आणि माणदेश एका तासाच्या रस्त्यावर आणून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. बेटभर एकही बारमाही नदी नाही. ज्यांना इथे 'तोरेंत' म्हणतात ते ओढे पावसात धावतात आणि एरवी कोरडे पडलेले असतात. खाली बहुतांश चुनखडी असल्यामुळे पडलेले पाणी दगडाच्या फटींतून आत मुरते आणि कुठल्या कुठे झऱ्याच्या रूपाने वर येते. या बेटाचा प्रत्येक विभाग वेगळा का दिसतो, याचे उत्तर मला या दोनच गोष्टींत सापडले: पाऊस कुठे पडतो आणि दगड त्याचे काय करतो.

विभागांची नावे मला फार आवडली, कारण त्यांतली तीन वाऱ्यांची नावे आहेत. उत्तरेच्या वाऱ्याला त्रामुन्ताना म्हणतात आणि तेच नाव डोंगररांगेला मिळाले. पूर्वेचा वारा येवांत, म्हणून पूर्वेचा मुलूख येवांत. दक्षिणेचा वारा मिजोर्न, म्हणून दक्षिणेचा मुलूख मिजोर्न. खारे वारे आणि मतलई वारे यांवर दिवसाचे गणित मांडणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे चटकन समजते. उरलेले दोन विभाग म्हणजे मधले मैदान, ज्याला नुसते 'प्ला' म्हणजे सपाटी म्हणतात, आणि डोंगराच्या पायथ्याचा राइगेर. शिवाय राजधानी पाल्मा.

त्रामुन्तानाची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे नव्वद किलोमीटर पसरली आहे. तिचे सर्वांत उंच शिखर पुच माजोर सुमारे १,४४० मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरने कमी, पण समुद्रातून थेट उठलेले असल्यामुळे ते आहे त्याहून उंच भासते. आफ्रिका आणि युरोप यांच्या भूपट्टांच्या रेट्यातून आल्प्स उभे राहिले, त्याच काळातल्या हालचालींत ही चुनखडी दुमडून वर आली. आम्ही गेलो तेव्हा माथ्यावर बर्फाचे पांढरे पट्टे होते आणि पायथ्याला संत्र्यांनी झाडे वाकली होती. एकाच नजरेत दोन्ही.

पाल्माहून सोयेरला आम्ही आगगाडीने गेलो. लाकडी डब्यांची ही अरुंद गाडी १९१२ साली सुरू झाली आणि १९२९ साली विजेवर धावू लागली. सत्तावीस किलोमीटरच्या मार्गात तेरा बोगदे आहेत आणि आल्फाबियाच्या डोंगरातला सर्वांत लांब बोगदा जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. तो संपतो आणि एकदम खाली सोयेरचे खोरे दिसते: तीन बाजूंनी कडे, मध्ये गर्द हिरव्या बागा, त्यांत नारिंगी ठिपके. हा बोगदा होण्यापूर्वी सोयेरच्या लोकांना डोंगर चढून पाल्माला जाण्यापेक्षा गलबतात बसून फ्रान्सला जाणे सोयीचे पडे. त्यांची संत्री समुद्रमार्गे मार्सेयसारख्या बंदरांत विकली जात, माणसेही तिकडे पोटापाण्याला गेली, आणि परतलेल्यांच्या पैशातून गावात फ्रेंच धाटणीची घरे उभी राहिली. डोंगराने अडवलेले गाव समुद्राने जोडले जाते, ही गोष्ट मुंबईच्या बोटीची वाट पाहणाऱ्या कोकणाला नवी नाही. आईने ती ऐकली आणि तिच्या लहानपणी जैतापूरच्या धक्क्यावर होणाऱ्या गर्दीबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

त्रामुन्तानाचे खरे दर्शन मला झाले ते बिनियाराइशच्या दरीत. सोयेरच्या वरच्या अंगाला असलेल्या या लहानशा गावातून एक दगडी पायऱ्यांची पाऊलवाट दरीतून वर चढत जाते. दोन्ही बाजूंच्या उतारांवर, जिथे बकरी उभी राहील की नाही अशी शंका यावी तिथेही, दगडी भिंती रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली आहेत आणि त्यांत ऑलिव्हची जुनी झाडे आहेत. पिळवटलेली, पोखरलेली, काहींची खोडे तर मधून आरपार फाटलेली, तरी पाने ताजी आणि चंदेरी. या पायरीच्या शेताला इथे 'मारजादा' म्हणतात आणि त्याची भिंत रचणाऱ्या कारागिराला 'मारजेर'. भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, मातीचाही सांधा नाही. आई पहिल्याच वळणावर थांबली आणि म्हणाली, "अगं, हे तर आपले गडगे!"

थोडे वर दोन माणसे ढासळलेला गडगा पुन्हा घालत होती आणि आम्ही तिथे अर्धा तास तरी उभ्या राहिलो. आधी पडलेले दगड आकाराप्रमाणे वेगळे करून ठेवले होते. मोठा दगड उचलून मारजेर तो हातात दोनदा फिरवी, हातोडीने एखादा कोपरा उडवी आणि रांगेत बसवून हाताने हलवून पाही. हलला तर मागून चीप ठोके, आणि तरीही हलला तर तो दगड बाजूला टाकून दुसरा घेई. समोरची रांग किंचित आतल्या बाजूला कललेली होती, आणि तिच्यामागे, मातीच्या आधी, हातभर रुंदीचा बारीक दगडगोट्यांचा थर भरत होते. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले की हा भराव कशासाठी. त्याने बोटे पसरून दाखवले: पाणी यातून खाली जाते. भिंत पक्की बांधली तर पावसाळ्यात मागची माती फुगते आणि भिंत ढकलून देते. सांधे मोकळे ठेवले तर पाणी गळून जाते आणि माती तेवढी राहते. आईने जमिनीवरचा एक दगड उचलला, त्याचा सपाट चेहरा कोणता हे अंगठ्याने चाचपले आणि त्याच्या हाती दिला. त्याने तो घेतला, फिरवला, बसवला. दोघांची भाषा एक नव्हती, पण आमच्या घरामागचा जांभ्या दगडाचा गडगा दर दोन-तीन पावसाळ्यांनी कोसळतो आणि आईने तो तीस वर्षे उभे राहून घालून घेतला आहे. तेवढे ज्ञान त्या क्षणी पुरेसे होते.

२०११ साली युनेस्कोने या रांगेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून. म्हणजे डोंगर सुंदर आहे याबद्दल नव्हे, तर माणसांनी त्या डोंगरावर शतकानुशतके जे केले त्याबद्दल. २०१८ साली कोरड्या दगडी बांधकामाची कलाही स्पेनसह आठ देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत आली. मला या मान्यतेपेक्षा एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: मायोर्कात हे काम शिकवले जाते. जुने कारागीर संपत आले तेव्हा, १९८० च्या दशकात, सोयेरमध्ये तरुणांना मारजेरचे काम शिकवायला सुरुवात झाली आणि आज पगारी कारागिरांच्या तुकड्या वाटा आणि गडगे दुरुस्त करत डोंगरभर फिरतात. आपल्याकडे गडगा घालणारे गडी मिळत नाहीत म्हणून लोक चिऱ्यांची सिमेंटची भिंत घालतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती उभी चिरते. हे पाहून मला वाईट वाटत आले आहे, आणि बिनियाराइशला ते वाईट वाटणे अधिक टोकदार झाले.

डोंगराच्या वरच्या भागात पाणी साठवण्याची आणखी एक रीत दिसते. उंचावर जमिनीत खोल खणून दगडांनी बांधून काढलेले लांबट खड्डे आहेत. ही बर्फाची घरे. हिवाळ्यात माणसे वर जात, बर्फ गोळा करून या खड्ड्यांत तुडवून घट्ट करत, मध्ये कारीच नावाच्या चिवट गवताचे थर देत, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी त्याच्या लाद्या खेचरांवरून पाल्माला उतरवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यात बर्फ तयार होऊ लागला तेव्हा हा उद्योग संपला. खाली ओकच्या रानात कोळसे पाडणाऱ्यांची गोल जोती आहेत. कोळशाच्या भट्ट्या लावणारी कुटुंबे हंगामभर तिथेच झोपडी करून राहत. आमच्या भागात हेच काम कातकऱ्यांच्या वाट्याला आले होते.

सा कालोब्राचा रस्ता १९३२ साली आंतोनी पारिएती या अभियंत्याने आखला. साधारण बारा किलोमीटरमध्ये तो डोंगरावरून समुद्रापर्यंत उतरतो, आणि एके ठिकाणी वळण घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जातो. त्या जागेला 'टायची गाठ' असे नाव आहे. आईला घाट लागला, म्हणून आम्ही सावकाश उतरलो. तळाशी तोरेंत दे पारेइसची घळ आहे. दोनशे मीटरहून उंच भिंतींमधून वाहणारा ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे गोट्यांचा एक लहानसा किनारा आहे, आणि तिथे आम्ही दोघी सोडून चारच माणसे होती. अशा घळींतल्या डोहांत एक छोटा बेडूक राहतो, फेरेरेत नावाचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले ते जीवाश्मांवरून, नामशेष झालेला प्राणी म्हणून. आणि काही वर्षांतच तो या डोंगरातल्या दुर्गम डोहांत जिवंत सापडला. नर अंड्यांची माळ मागच्या पायांभोवती गुंडाळून वागवतो. आम्हाला तो दिसला नाही, दिसण्याची अपेक्षाही नव्हती, पण पाण्याच्या त्या काळोख्या डोहाकडे पाहताना तो तिथे कुठेतरी आहे याचा मला फार आनंद वाटला.

याच रांगेत कुबेर आणि गोर्ग ब्लाऊ ही दोन धरणे आहेत. कुबेर हे नाव ऐकून आईने हात जोडले. इथे ते पाण्याच्या धन्याचे नाव झाले आहे, हा योगायोग तिला अजिबात खटकला नाही. पाल्माचे पिण्याचे पाणी काही अंशी इथून जाते, पण ते पुरत नाही. १९९५ ते १९९७ या काळात तर दुष्काळामुळे स्पेनच्या मुख्य भूमीवरून टँकर जहाजांनी या बेटावर पाणी आणावे लागले होते. त्यानंतर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांवर भर आला. वर्षाला एक कोटीहून अधिक पर्यटक येतात, आणि तेही बहुतांशी पावसाचा थेंब नसलेल्या महिन्यांत. नऊ-साडेनऊ लाख वस्तीच्या बेटाला हे ओझे किती जड होते, हे लातूरच्या पाण्याच्या रेल्वेची आठवण असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

डोंगर उतरला की राइगेर. इथल्या गावांच्या नावांत 'बिनी' वारंवार येते: बिनिसालेम, बिनियामार. हा अरबी 'बनी'चा अवशेष आहे, म्हणजे अमक्याचे वंशज. दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १२२९ पर्यंत हे बेट मुस्लिम सत्तेखाली होते आणि त्या काळात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी आणून पाटांत वळवण्याची विद्या इथे रुजली. पुढे राजा जाउमे पहिला याने बेट जिंकले, सत्ता बदलली, धर्म बदलला, पण पाटांची पाळी तशीच राहिली. औरंगाबादच्या मलिक अंबरच्या नहरीचे जे तत्त्व आहे तेच इथे आहे, आणि सतराव्या शतकातली आपली ती नहर पाहिलेल्या कोणालाही इथले दगडी पाट परके वाटणार नाहीत.

प्ला म्हणजे मधले मैदान. आमच्या प्रवासातला सर्वांत शांत भाग. तांबडी माती, गव्हाची कोवळी हिरवळ, अंजिराचे निष्पर्ण सांगाडे, आणि बदाम. फेब्रुवारीत बदामाला पान नसते, फक्त फूल असते: पांढरे, आणि देठाजवळ गुलाबी झाक. वारा आला की तांबड्या मातीवर पाकळ्यांचा सडा पडे, आणि त्यात मेंढ्या चरत. बदामाची एवढी लागवड मात्र फार जुनी नाही. १८९१ मध्ये फिलॉक्सेरा ही द्राक्षवेलीच्या मुळांची कीड बेटावर आली, द्राक्षमळे उजाड झाले, आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर बदाम लावले. आता बदामावर पाळी आली आहे. झायलेला नावाचा जिवाणू २०१६ मध्ये मायोर्कात आढळला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो आणि झाड उभ्या उभ्या वाळते. फुललेल्या ओळींच्या मध्ये मेलेल्या झाडांच्या काळ्या ओळी आम्ही कित्येक ठिकाणी पाहिल्या. नारळावर इरिओफाइड कोळी आला होता तेव्हा आमच्या वाडीत जी चिंता होती ती आईला आठवली, आणि तिने गाडी थांबवायला लावून एका वाळलेल्या झाडाच्या सालीवरून हात फिरवला.

बुधवारी आम्ही सिनेउच्या बाजाराला गेलो. मैदानाच्या जवळजवळ मध्यावरच्या या गावाला १३०६ पासून बुधवारच्या बाजाराचा हक्क आहे, आणि तिथे आजही कोंबड्या, मेंढ्या, डुकरे जिवंत विकायला येतात. सातशे वर्षे एकच वार. राजा जाउमे दुसरा याने १३०० साली मैदानात नवी गावे वसवण्याची आज्ञा काढली होती. पेत्रासारख्या गावाचे सरळ, काटकोनात मिळणारे रस्ते त्या आखणीचेच आहेत. त्याच पेत्रात १७१३ साली हुनिपेरो सेरा हा पाद्री जन्मला आणि पुढे त्याने कॅलिफोर्नियात मिशनांची साखळी सुरू केली. बाजारात आईने बदामाचा केक खाल्ला, ज्यात मैदा नसतो, नुसती बदामाची पूड आणि अंडी; वाळवलेले अंजीर पाव किलो घेतले आणि भावही केला.

उत्तरेच्या आल्कुदियाच्या उपसागरालगत आल्बुफेरा ही बेटावरची सर्वांत मोठी पाणथळ जागा आहे. १८६० च्या दशकात इंग्रज अभियंते आणि त्यांच्या कंपनीने कालवे खणून ती कोरडी करण्याचा मोठा घाट घातला; खारे पाणी परत परत आत येत राहिले आणि प्रयत्न फसला. कालवे मात्र राहिले, आणि १९८८ पासून राखीव उद्यान झालेल्या या सतराशे हेक्टरांच्या आसपासच्या वेतवनात आज त्याच कालव्यांच्या काठाने चालता येते. इथून नाहीशी झालेली जांभळी पाणकोंबडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा आणून सोडली गेली. तिची जवळची बहीण आपल्याकडच्या तळ्यांत असतेच; लाल चोच, लांब बोटे आणि मालकिणीसारखी चाल बघून आईने तिला लगेच ओळखले.

येवांतला समुद्र जमिनीत घुसलेला आहे. मऊ चुनखडीच्या पठारातून ओढ्यांनी कोरलेल्या दऱ्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा बुडाल्या आणि त्यांची अरुंद खाडीसारखी बोळे झाली. यांना 'काला' म्हणतात. पठाराच्या पोटात गुहा आहेत. पोर्तोक्रिस्तोजवळच्या द्राकच्या गुहेत १८९६ साली एदुआर्द-आल्फ्रेद मार्तेल या फ्रेंच गुहासंशोधकाने पाहणी केली, आणि तिथल्या सुमारे १७० मीटर लांबीच्या भूमिगत सरोवराला त्याचे नाव आहे. होडीतून वाजत येणारे संगीत आणि दिव्यांची आरास याला बरीच गर्दी होते; मला मात्र दुसरीच गोष्ट खिळवून गेली. या किनाऱ्याच्या गुहांतले पाणी समुद्राच्या पातळीला असते, आणि त्या पातळीवर लवणस्तंभांभोवती चुन्याची फुगीर बांगडी चढते. पाणी वर गेले की बांगडी वर, खाली गेले की खाली. या बांगड्यांचे वय मोजून शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिले की सुमारे ८१ हजार वर्षांपूर्वी समुद्र इथे आजच्यापेक्षा सुमारे एक मीटर उंच होता. समुद्राने स्वतःच्या उंचीची नोंद दगडावर करून ठेवावी, याहून मोठे आश्चर्य मी त्या आठ दिवसांत पाहिले नाही.

याच किनाऱ्यावर मला सर्वांत जास्त दुःखही झाले. काही कालांच्या काठावर पाण्यापर्यंत उतरलेल्या, हिवाळ्यात दारे लावून बसलेल्या इमारतींच्या रांगा आहेत. १९६० नंतर विमानाने पर्यटक येऊ लागले तशी किनाऱ्यावर इतकी बांधकामे झाली की बेसुमार किनारी बांधकामाला स्पॅनिशमध्ये या द्वीपसमूहाच्या, म्हणजे बालेआरिक बेटांच्या, नावावरूनच शब्द पडला. पण इथली माणसे गप्प बसली नाहीत. १९७७ साली तरुणांनी पश्चिमेच्या द्रागोनेरा या छोट्या बेटावर मुक्काम ठोकून तिथली नियोजित वसाहत अडवली. आज ते बेट राखीव उद्यान आहे. दक्षिणेचा एस त्रेंकचा किनाराही लोकांनी वर्षानुवर्षे झगडून वाचवला आणि २०१७ मध्ये त्याला उद्यानाचा दर्जा मिळाला. २०२४ च्या उन्हाळ्यात पर्यटनाला मर्यादा घाला म्हणून पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले, ते याच परंपरेतले आहेत असे मला वाटते. मी स्वतः पर्यटक होते, तरीही त्यांचे म्हणणे मला पटते.

शेवटचे दोन दिवस मिजोर्नमध्ये काढले. इथे पाऊस सर्वांत कमी, म्हणून इथले पीक मीठ. एस त्रेंकच्या मागे मिठागरे आहेत: उथळ वाफे, मधले बांध, आणि काठाला मिठाचा पांढरा ढीग. फेब्रुवारीत वाफ्यांत पावसाचे पाणी होते आणि त्यात रोहित पक्षी माना खाली घालून उभे होते. इथली घरे मारेस नावाच्या मऊ, मधाळ रंगाच्या वाळूच्या दगडाची. पाल्माचे मोठे कॅथेड्रलही याच जातीच्या दगडाचे आहे. जुन्या खाणीच्या भिंतींवर करवतीच्या सरळ रेघा अजून दिसतात, अगदी आपल्या चिरेखाणीसारख्या.

एस त्रेंकची वाळू छायाचित्रांत दिसते तशी स्वच्छ पांढरी नव्हती. पाण्याच्या रेषेला लागून तपकिरी पानांचा गुडघाभर उंच थर पडला होता, आणि आईला वाटले की कोणी साफसफाईच केली नाही. ती पाने पोसिदोनियाची होती. हे शेवाळ नव्हे. मुळे, फुले आणि फळे असलेली, समुद्राच्या तळाशी कुरणासारखी वाढणारी ही वनस्पती आहे, आणि २०१८ पासून या द्वीपसमूहात तिच्यावर नांगर टाकण्यास कायद्याने बंदी आहे. इथली बरीचशी वाळू तिच्या कुरणात राहणाऱ्या जीवांच्या शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. गळालेली पाने हिवाळ्यात किनाऱ्यावर साचतात आणि वादळाच्या लाटांचा मार स्वतःवर घेतात. यंत्राने ती उपसली तर पानांबरोबर वाळूही जाते आणि किनारा झिजतो. पूर्वी शेतकरी हीच वाळलेली पाने गोठ्यात अंथरायला आणि छपरात भरायला नेत.

हे सगळे सांगून होईपर्यंत आईने चपला काढल्या होत्या. पानांच्या थराची समुद्राकडची बाजू लाटांनी सरळ कापली गेली होती आणि कापलेल्या जागी पान, वाळू, पान, वाळू असे बोटभर जाडीचे थर स्पष्ट दिसत होते. तिने खाली बसून त्या थरांवरून बोट फिरवले, आतला भाग ओला आणि वरचा उन्हाने कोमट आहे हे मला हात लावून पाहायला सांगितले, आणि म्हणाली, "हाही गडगाच आहे गं. फक्त दर वर्षी समुद्रच घालतो." मग आम्ही त्या थराच्या मागे, वारा लागत नव्हता तिथे बसलो आणि सिनेउच्या बाजारातले उरलेले अंजीर संपवले.